विश्लेषण : निधी वाटपाला गणिताचे सूत्र देणारे धनंजयराव गाडगीळ कोण होते? सोलापूरशी त्याचा संबंध काय?

जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने स्मार्ट सिटी योजनेतील पहिल्या २० शहरांची यादी जाहीर केली. त्यात पुणे दुसऱ्या आणि सोलापूर नवव्या क्रमांकावर होते. वेगवेगळ्या निकषांवर शहरांना गुण दिले गेले, गुणांची बेरीज झाली आणि यादी लागली. स्वच्छ सर्वेक्षण असो की महाविद्यालयांचे मानांकन, अशा याद्या आता दरवर्षी लागतात. आपला क्रमांक कितवा, यावर भरपूर चर्चा होते. कोणत्या निकषाला किती गुण ठेवायचे, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही.

हाच प्रश्न १९६० च्या दशकाच्या अखेरीस देशातील सगळ्या मुख्यमंत्र्यांपुढे होता. केंद्राकडून योजनांसाठी येणारा पैसा राज्यांमध्ये कोणत्या हिशेबाने वाटायचा? त्याचे उत्तर ज्या सूत्रातून निघाले, ते एका मराठी अर्थतज्ज्ञाच्या नावाने ओळखले जाते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना ‘गाडगीळ सूत्र’ पाठ असते. पण ते मांडणारे प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ कोण होते, त्यांनी आयुष्यभर काय मोजले आणि त्यांच्या सूत्रावर टीका का झाली, हे समजून घेतले तर आजच्या याद्यांकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते.

नाशिक, नागपूर आणि केंब्रिज

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकचा. बालपण आणि शालेय शिक्षण नागपुरात झाले. पुढे ते इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले. तेथील प्रबंधावर आधारित त्यांचे ‘द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रिसेंट टाइम्स’ हे पुस्तक १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील उद्योग, शेती आणि कारागिरी यांच्यात इंग्रजी राजवटीत काय बदल झाले, याचा हा आढावा होता. तेव्हा लेखकाचे वय होते जेमतेम २३ वर्षे. पुढे अनेक दशके हे पुस्तक विद्यापीठांत अभ्यासले गेले.

भारतात परतल्यावर त्यांनी काही काळ मुंबई सरकारच्या सेवेत काम केले. त्यानंतर १९२५ ते १९३० या काळात ते सुरतच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. साताऱ्याचे रावबहादूर आर. आर. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून ही संस्था उभी राहिली. काळे हे धनंजयरावांचे सासरे. संस्थेचे पहिले संचालक म्हणून गाडगीळ यांनी सूत्रे हाती घेतली आणि १९६६ पर्यंत, म्हणजे तब्बल ३६ वर्षे, ते त्या पदावर राहिले. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे चिरंजीव.

आधी मोजा, मग बोला

आज सर्वेक्षण म्हटले की मोबाइलवरचे अॅप आणि तयार तक्ते डोळ्यांसमोर येतात. १९३० च्या दशकात देशात विश्वासार्ह आकडेच मुळात कमी होते. जनगणना दहा वर्षांनी होत असे आणि महसूल खात्याचे आकडे कर वसुलीपुरते गोळा केले जात. एका कुटुंबाचे उत्पन्न किती, खर्च किती, कर्ज किती, हे कोणालाच नेमके ठाऊक नव्हते. त्याच दशकात कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस संख्याशास्त्राची संस्था उभारत होते. पुण्यात गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष घरोघरी, शेतात आणि बाजारात जाऊन मोजणी सुरू केली.

विषय साधे वाटतील असे होते. पुण्याच्या फळबाजारात माल कसा विकला जातो, मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांत मोटारबसची वाहतूक कशी चालते, वाई तालुक्यातील शेतीचा हिशेब कसा बसतो, यांवर संस्थेने अभ्यास प्रसिद्ध केले. पुणे शहराचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण दोन भागांत, १९४५ आणि १९५२ मध्ये आले.

सोलापूरही या मोजणीतून सुटले नाही. गाडगीळ यांच्या नावावरील ‘शोलापूर सिटी : सोशिओ-इकॉनॉमिक स्टडीज’ हे पुस्तक संस्थेने १९६५ मध्ये प्रकाशित केले. गिरण्या आणि हातमाग या दोन्हींवर जगणारे हे शहर अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला महत्त्वाचे वाटणे साहजिक होते. त्याच दशकात शहरातील ‘जुनी गिरणी’ बंद पडली. एका मोठ्या गिरणीवर हजारो घरे अवलंबून असतात, तेव्हा गिरणीचा ताळेबंद आणि शहराचा ताळेबंद या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. गाडगीळ यांच्या कामात हा फरक वारंवार दिसतो. तो सर्वांत स्पष्ट झाला कालव्यांच्या अभ्यासात.

कालवा तोट्यात आहे, हे कसे ठरवायचे?

इंग्रज सरकार कालव्यांचा हिशेब एखाद्या दुकानासारखा ठेवत असे. एका बाजूला बांधकामाच्या भांडवलावरील व्याज आणि देखभालीचा खर्च, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्यांकडून मिळणारी पाणीपट्टी. पाणीपट्टीतून ठरावीक दराने परतावा मिळाला तर काम ‘उत्पादक’. तसा मिळत नसेल, पण दुष्काळात लोकांना तारण्यासाठी ते बांधले असेल, तर ‘संरक्षक’. दख्खनमधील अनेक कालवे या हिशेबात नेहमी तोट्यातच दिसत. दुष्काळी सोलापूरला या वर्गवारीचा अर्थ वेगळा सांगायला नको. परतावा मिळणार नाही म्हटल्यावर नव्या कामाला पैसा मिळणे अवघड.

नगर जिल्ह्यातील गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या परिसराचा गाडगीळ यांनी अभ्यास केला. त्याचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्नच बदलला होता. सरकारच्या तिजोरीत किती पैसे आले, यापेक्षा कालव्यामुळे त्या भागाचे एकूण उत्पन्न किती वाढले, हे त्यात तपासले गेले. बागायतदाराचे वाढलेले उत्पन्न हा थेट फायदा. शेतमजुराला मिळालेले जादा दिवसांचे काम, ऊस आल्यामुळे उभे राहिलेले साखर कारखाने, वाढलेला व्यापार आणि वाहतूक हे अप्रत्यक्ष फायदे.

मात्र सगळे उत्पन्न कालव्याच्या खात्यावर जमा करणेही चुकीचे ठरते. कालवा नसता तरी तिथे ज्वारी-बाजरी पिकलीच असती. त्यामुळे भिजलेल्या जमिनीची तुलना कोरडवाहू जमिनीशी करावी लागते आणि दोन्हींतला फरकच कालव्याचा म्हणून धरावा लागतो. आज धरण, महामार्ग किंवा मेट्रोच्या प्रकल्प अहवालात लाभ-खर्च गुणोत्तराचे प्रकरण असतेच. भारतात प्रत्यक्ष सर्वेक्षणाच्या आधारे असा हिशेब मांडणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासांत या अहवालाची गणना होते.

म्हणजे कालवा तोच, पाणी तेच. पण फायद्यात काय काय धरायचे हे बदलले की तोट्यातला कालवा फायद्याचा ठरू शकतो.

प्रवरेचा कारखाना आणि उताऱ्याचा प्रश्न

याच कालव्याच्या पट्ट्यात, लोणी परिसरात, विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखान्याची जुळवाजुळव करत होते. गाडगीळ त्यांच्या बाजूने उभे राहिले. सहकार खात्याचा अनुभव असलेले तत्कालीन मंत्री वैकुंठभाई मेहता यांचाही या प्रयत्नाला पाठिंबा होता. प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले ते गाडगीळच. १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याचे गाळप सुरू झाले. पुस्तकातला अर्थतज्ज्ञ शेतकऱ्यांच्या संचालक मंडळाच्या बैठकीला बसू लागला.

राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरचा समावेश होतो. त्यामुळे कारखान्याची कार्यक्षमता कशी मोजतात, हे इथल्या ऊस उत्पादकाला वेगळे शिकवावे लागत नाही. सर्वांत ओळखीचे माप म्हणजे उतारा. १०० किलो उसातून ११ किलो साखर निघाली तर उतारा ११ टक्के. संस्थेत काय घातले आणि तिच्यातून काय निघाले, याचे हे गुणोत्तर.

पण एकट्या उताऱ्यावर कारखान्यांची क्रमवारी लावली तर काय होईल? उतारा उसाची जात, तोडणीची वेळ आणि हवामान यांवरही अवलंबून असतो. एखाद्या कारखान्याचा उतारा चांगला, पण यंत्रे वारंवार बंद पडतात. दुसऱ्याचा उतारा थोडा कमी, पण बगॅसची बचत चांगली आणि शेतकऱ्याचे बिल वेळेवर मिळते. यातला कार्यक्षम कोणता?

इथे मालकीचा प्रश्नही येतो. खासगी कारखान्याचा मालक वर्षाअखेरीस नफा पाहतो. सहकारी कारखान्यात ऊस घालणाराच मालक असतो. त्यामुळे उसाला जास्त दर दिला की कागदावरचा नफा कमी दिसतो, पण सभासदाच्या घरात पैसा जातो. नफ्याच्या फुटपट्टीने असा कारखाना मागे पडेल, उसाच्या दराच्या फुटपट्टीने पुढे जाईल. एकापेक्षा जास्त उद्दिष्टे असलेल्या संस्थेला एकच माप पुरत नाही. हीच अडचण पुढे गाडगीळ यांच्यासमोर देशाच्या पातळीवर आली.

१९६७ मध्ये दिल्लीत अडचण काय होती?

गोखले संस्था सोडल्यावर गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. राज्यसभेवरही त्यांची नियुक्ती झाली होती. सप्टेंबर १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. पंतप्रधान इंदिरा गांधी आयोगाच्या पदसिद्ध अध्यक्ष होत्या.

काळ कठीण होता. १९६५-६६ आणि १९६६-६७ अशी सलग दोन वर्षे दुष्काळाची गेली होती. पंचवार्षिक योजना थांबवून १९६६ ते १९६९ दरम्यान वार्षिक योजनांवर काम भागवले जात होते. १९६७ च्या निवडणुकीनंतर अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारे आली होती. तोपर्यंत केंद्र आणि बहुतेक राज्यांत एकच पक्ष असल्याने निधीचे वाद पक्षात मिटत. आता ते उघडपणे होऊ लागले.

केंद्राकडून राज्यांना दोन मुख्य वाटांनी पैसा मिळत असे. एक, वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार करांतील वाटा. दोन, योजनांसाठी मिळणारी केंद्रीय मदत. पहिल्या वाटेला घटनेचा आधार होता. दुसरीचा निर्णय योजनानिहाय आणि राज्यनिहाय चर्चेतून होत असे. कोणत्या राज्याला किती, याचे एकच उघड सूत्र नव्हते. काही योजनांत राज्याने आपला हिस्सा घातला तरच केंद्राचा हिस्सा मिळे. ज्या राज्याकडे हिस्सा घालायला पैसा, त्यालाच जास्त मदत, असा उलटा परिणाम त्यातून होऊ शकत होता. ज्याचे दिल्लीत वजन त्याला झुकते माप, ही तक्रारही होतीच.

गाडगीळ सूत्र नेमके काय?

मुख्यमंत्र्यांशी आणि राष्ट्रीय विकास परिषदेत चर्चा होऊन हे सूत्र ठरले. चौथ्या पंचवार्षिक योजनेसाठी (१९६९-७४) ते लागू झाले. आसाम, जम्मू-काश्मीर आणि नागालँड या तीन राज्यांच्या गरजा आधी बाजूला काढायच्या आणि उरलेली मदत इतर राज्यांत पुढील भारांकांनुसार वाटायची, असे ठरले :

- लोकसंख्या : ६० टक्के
- दरडोई उत्पन्न : १० टक्के (फक्त राष्ट्रीय सरासरीपेक्षा गरीब राज्यांना)
- कर उभारणीचे प्रयत्न : १० टक्के
- सुरू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प : १० टक्के
- राज्याच्या विशेष समस्या : १० टक्के

मिळालेल्या मदतीपैकी ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज असे प्रमाण सर्वसाधारण राज्यांसाठी ठरले. विशेष दर्जाच्या राज्यांना ९० टक्के अनुदान आणि १० टक्के कर्ज.

यातला तिसरा निकष बारकाईने पाहण्यासारखा आहे. एखाद्या राज्याने किती कर गोळा केला, एवढेच पाहिले तर श्रीमंत राज्य नेहमीच पुढे राहील. म्हणून दरडोई कराची तुलना दरडोई उत्पन्नाशी केली जाते. समजा, एका राज्यात माणशी १०० रुपये उत्पन्नामागे ८ रुपये कर जमा होतो आणि दुसऱ्यात ६० रुपयांमागे ६ रुपये. रकमेत पहिले राज्य पुढे आहे. पण प्रमाण काढले तर पहिल्याचे ८ टक्के आणि दुसऱ्याचे १० टक्के. ऐपतीच्या मानाने दुसऱ्याने जास्त प्रयत्न केले. ही एका अर्थाने राज्याच्या कार्यक्षमतेची मोजणी आहे.

भारांक बदलले की काय होते?

सोपे उदाहरण घेऊ. काल्पनिक देशात दोनच राज्ये आहेत, ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’मध्ये ६० टक्के लोक राहतात आणि ते सधन आहे. ‘ब’मध्ये ४० टक्के लोक आहेत आणि ते सरासरीपेक्षा गरीब आहे. वाटायचे आहेत १०० रुपये. निकष दोनच, लोकसंख्या आणि गरिबी. गरिबीचा वाटा पूर्णपणे ‘ब’ला जातो.

लोकसंख्येला ९० आणि गरिबीला १० भारांक दिला, तर ‘अ’ला ५४ आणि ‘ब’ला ४६ रुपये मिळतात. लोकसंख्येला ७५ आणि गरिबीला २५ दिला, तर ‘अ’ला ४५ आणि ‘ब’ला ५५ रुपये. राज्ये तीच, आकडे तेच. भारांक बदलताच क्रम उलटला.

म्हणजे बेरीज-गुणाकार कोणीही करू शकतो. खरा निर्णय भारांक ठरवताना होतो आणि तो राजकीय असतो. गाडगीळ सूत्राने हे राजकारण संपवले नाही. ते टेबलावर आणून ठेवले. आपल्याला कमी मिळाले, ही तक्रार आता विशिष्ट निकषाकडे आणि विशिष्ट आकड्याकडे बोट दाखवून करता येऊ लागली. एका राज्याला वाढवून द्यायचे तर दुसऱ्याचे किती घटते, हेही लगेच दिसू लागले.

विशेष म्हणजे सूत्र मांडणारा माणूस महाराष्ट्राचा होता. संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या कामात त्याने आधी सहभाग घेतला होता. तरी दरडोई उत्पन्नाच्या रकान्यात महाराष्ट्राला काहीच मिळत नव्हते, कारण मुंबईसह राज्याचे सरासरी उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होते.

टीका कशावर झाली?

पहिली टीका ६० टक्क्यांवर. लोकसंख्येला एवढे महत्त्व म्हणजे जवळपास माणशी सारखे वाटप. राज्याराज्यांतील दरी बुजवायची तर गरिबीला फक्त १० टक्के कसे पुरणार, असा प्रश्न विचारला गेला. याला दुसरी बाजूही होती. उत्तर प्रदेश आणि बिहारसारखी मोठी राज्ये गरीबही होती. त्यामुळे लोकसंख्येच्या वाट्यातूनही त्यांच्याकडे पैसा जात होता.

दुसरी टीका सरासरीच्या रेषेवर. राष्ट्रीय सरासरीच्या किंचित खाली असलेल्या राज्याला वाटा मिळे, किंचित वर असलेल्याला शून्य. दोन राज्यांच्या परिस्थितीत फारसा फरक नसतानाही एक रेषेच्या आत, दुसरे बाहेर. ३५ गुणांना पास आणि ३४ ला नापास, तसाच हा प्रकार.

तिसरी टीका पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांच्या निकषावर. ज्यांचे मोठे प्रकल्प आधीच सुरू होते, त्यांना पुन्हा मदत. ज्यांच्याकडे प्रकल्पच नाहीत, ते मागेच. चौथा आक्षेप विशेष समस्यांच्या रकान्यावर होता. महापूर, कायमचा दुष्काळ, आदिवासी भाग अशा कारणांसाठी तो ठेवला होता. पण कोणती समस्या किती विशेष, याला पक्के माप नसल्याने तिथे पुन्हा वाटाघाटींना जागा उरली.

या टीकेतूनच पुढचे बदल झाले. १९८० मध्ये चालू प्रकल्पांचा निकष काढून टाकला गेला आणि दरडोई उत्पन्नाचा भारांक २० टक्के झाला. १९९१ मध्ये प्रणव मुखर्जी नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना तो २५ टक्के झाला आणि सरासरीच्या वरच्या राज्यांनाही थोडा वाटा मिळेल अशी पद्धत आली. लोकसंख्या ६० टक्के, कामगिरी ७.५ टक्के आणि विशेष समस्या ७.५ टक्के अशी बाकीची रचना होती. हे ‘गाडगीळ-मुखर्जी सूत्र’. २०१५ मध्ये नियोजन आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली आणि या पद्धतीची मदत थांबली.

वाटपाची भाषा मात्र टिकली. २०२१-२६ साठी पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा करातील वाटा ठरवताना उत्पन्नातील अंतराला ४५ टक्के भारांक दिला. लोकसंख्या आणि क्षेत्रफळाला प्रत्येकी १५ टक्के दिले. १९६९ मध्ये गरिबीला १० टक्के आणि लोकसंख्येला ६० टक्के होते. वित्त आयोगाचे वाटप वेगळे असले, तरी विचार कुठून कुठे सरकला हे या आकड्यांवरून कळते.

जिल्ह्यातील बँकेशीही संबंध

गाडगीळ यांचे दिल्लीतील दुसरे महत्त्वाचे काम बँकांबाबतचे. त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ऑक्टोबर १९६९ मध्ये अहवाल दिला. त्याआधी तीनच महिने, १९ जुलै रोजी, १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. बँका शहरांत एकवटल्या असून ग्रामीण भागाला कर्जपुरवठा होत नाही, हे लक्षात घेऊन अभ्यासगटाने क्षेत्रनिहाय दृष्टिकोन सुचवला. प्रत्येक जिल्ह्याची पतगरज मोजायची आणि त्यानुसार नियोजन करायचे. त्यातून डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना आली. सोलापूर जिल्ह्याची अग्रणी बँक असलेली बँक ऑफ इंडिया दरवर्षी जिल्ह्याचा पतपुरवठा आराखडा मांडते, त्याचे मूळ या अहवालात आहे.

मार्च १९७१ च्या लोकसभा निवडणुकीनंतर नियोजन आयोगाची पुनर्रचना झाली आणि एप्रिलमध्ये गाडगीळ यांनी पद सोडले. काही आठवड्यांतच, ३ मे १९७१ रोजी, त्यांचे निधन झाले. वय होते ७० वर्षे. त्यांच्या नावाच्या सूत्रात झालेला एकही बदल त्यांना पाहता आला नाही.

आज याच कामासाठी कोणत्या पद्धती आहेत?

गाडगीळ यांच्या हयातीत या विषयाचे गणित नुकते आकार घेत होते. १९५७ मध्ये मायकेल फॅरेल यांनी उत्पादन कार्यक्षमता मोजण्याची पद्धत मांडली. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी तिच्यावर ‘डेटा एन्व्हलपमेंट अॅनालिसिस’ ही पद्धत उभारली. बँकांच्या शाखा, रुग्णालये, शाळा आणि साखर कारखान्यांसारख्या, अनेक गोष्टी वापरून अनेक गोष्टी देणाऱ्या संस्थांची तुलना तिने करता येते.

या पद्धतीत प्रत्येक संस्थेला तिच्या सर्वाधिक सोयीचे भारांक निवडू दिले जातात. उताऱ्यात चांगल्या असलेल्या कारखान्याने उताऱ्याला जास्त महत्त्व द्यावे, बिल वेळेवर देणाऱ्याने त्याला द्यावे. आपल्या सोयीचे माप निवडूनही जी संस्था इतरांच्या मागे पडते, ती खरोखर अकार्यक्षम ठरते. १९६८ च्या वाटाघाटींत प्रत्येक मुख्यमंत्री आपल्या राज्याच्या सोयीच्या निकषाला जास्त भारांक मागत होता, तसेच हे. फरक इतकाच की पैसे वाटायचे असतात तेव्हा प्रत्येकाला वेगळे माप देऊन चालत नाही. सर्वांसाठी एकच भारांक लागतो आणि तो संगणक सांगत नाही.

तो ठरवायला मदत करणाऱ्या पद्धतीही आल्या. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात दोन-दोन निकषांची तुलना करून भारांक काढण्याची पद्धत विकसित केली. १९८१ मध्ये ह्वांग आणि यून यांनी आदर्श पर्यायापासूनचे अंतर मोजून क्रमवारी लावण्याची पद्धत मांडली. या दोन्ही पद्धती अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत शिकवल्या जातात. पण दोन निकषांपैकी कोणता महत्त्वाचा, याचे उत्तर तिथेही माणसालाच द्यावे लागते.

सोलापूरला याचा काय फरक पडतो?

गाडगीळ यांच्यानंतर गोखले संस्थेचे संचालक झालेले वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, हे समितीने मोजले. ती तूट भरून काढण्याचा खर्च म्हणजे अनुशेष. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास, मराठवाड्याचा सुमारे २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे ३७ टक्के होता.

सोलापूर या ‘उर्वरित महाराष्ट्रा’त मोडते. म्हणजे पुणे, कोल्हापूर आणि मुंबईच्या गटात. देशाच्या हिशेबात महाराष्ट्र सधन, म्हणून गरीब राज्यांच्या रकान्यात नाही. राज्याच्या हिशेबात सोलापूर सधन गटात, म्हणून मागास प्रदेशांच्या चर्चेत नाही. आणि जिल्ह्याच्या हिशेबात उजनीच्या पाण्यावरचा ऊसपट्टा सरासरी वर खेचतो, तेव्हा सांगोला-मंगळवेढ्यातील कोरडवाहू गावे आकड्यात दिसत नाहीत. सरासरी ज्या पातळीवर काढाल, त्याखालची टंचाई तिच्यात झाकली जाते.

त्यामुळे पुढची यादी लागेल तेव्हा क्रमांकाआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात. फायद्यात आणि तोट्यात काय काय धरले, हे गाडगीळ यांनी कालव्याच्या वेळी विचारले होते. कोणत्या निकषाला किती भारांक, हे त्यांच्या सूत्राने जाहीरपणे मांडले. तिसरी गोष्ट त्या सूत्रात राज्यापाशीच थांबली होती : मोजणीचे एकक कोणते? राज्य, जिल्हा, तालुका की गाव? सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांसाठी पहिल्या दोन उत्तरांइतकेच हे तिसरे उत्तर महत्त्वाचे आहे.